पत्रकार घडवायचा कुणी?

आपल्या भागात जानेवारीचा पहिला आठवडा फार गडबडीचा. ३ तारखेला नायगावला सावित्रीबाईंची जयंती. मंत्र्यांचे ताफे, बंदोबस्त, सगळा शासकीय लवाजमा. आणि तीनच दिवसांनी, ६ तारखेला, पत्रकार दिन. आम्हाला शाल मिळते, नारळ मिळतो, एखादी डायरी मिळते. भाषणात 'लोकशाहीचा चौथा स्तंभ' येतो. दुसऱ्या दिवशी आम्हीच आमच्या सत्काराची बातमी लावतो.

हे दोन दिवस इतके जवळजवळ येतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं कुणी बोलत नाही. मला वाटतं, आहे. तेच सांगायला बसलोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सावित्रीबाईंचं आपण काय सांगतो? १८४८, भिडे वाडा, मुलींची शाळा, अंगावर पडलेलं शेण आणि दगड. सगळं खरं. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. बाई नुसत्या धाडसावर वर्गात उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी शिकवायचं कसं, याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. नॉर्मल स्कूल म्हणजे त्या काळचं डी.एड. कॉलेज म्हणा. शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकायचं असतं, ही समज शिरवळच्या शेजारच्या गावातल्या लेकीला पावणेदोनशे वर्षांपूर्वी होती.

बातमी लिहिणाऱ्यानेही आधी शिकावं लागतं, हे मात्र आपल्या अजून पचनी पडलेलं नाही. गळ्यात कार्ड, हातात लोगो लावलेला माइक, की झाला पत्रकार!

आता ६ जानेवारीकडे येऊ. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. म्हणजे सावित्रीबाईंच्या जन्मानंतर साधारण एक वर्षाने. बाळशास्त्री मूळचे पोंभुर्ल्याचे, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले. तिथलं त्यांचं स्मारक उभं करायला आपल्या शेजारच्या फलटणच्या पत्रकार मंडळींनी पुढाकार घेतला, हेही माहीत असू द्या. 'दर्पण' निघालं तेव्हा बाळशास्त्री विशीतले होते. एका बाजूला मराठी मजकूर, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. एक बाजू आपल्या लोकांनी वाचायची, दुसरी साहेबाने.

पण बाळशास्त्री मुळात कोण होते? मास्तर होते! एल्फिन्स्टनमध्ये शिकवायचे. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. शेवटच्या काळात शिक्षक तयार करणारा नॉर्मल वर्गही त्यांनी सांभाळला. १८४६ मध्ये ते गेले, तेव्हा वय पस्तिशीच्याही आतलं. 'दर्पण'मध्ये त्यांच्या जोडीला गोविंद विठ्ठल कुंटे होते. लोक त्यांना भाऊ महाजन म्हणत. या भाऊंनी पुढे १८४१ मध्ये 'प्रभाकर' सुरू केलं आणि त्यातूनच लोकहितवादींची शतपत्रं महाराष्ट्रापुढे आली. एका पत्रात काम करताना शिकलेला माणूस दुसरं पत्र काढतो आणि तिसऱ्याला लिहितं करतो. मराठी पत्रकारितेची पहिली शाळा ही अशी होती. पाटी नाही, फी नाही, सर्टिफिकेट नाही.

पन्नास वर्षांनी पुण्यात हेच पुन्हा घडलं. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल निघालं आणि वर्षभरात त्याच मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' काढले. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी. सकाळी फळ्यापुढे, रात्री छापखान्यात. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर, म्हणजे आपल्या जिल्ह्यातले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आता टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, हा भाग वेगळा.

या शाळेचा पहिला मोठा धडा कोणता होता ठाऊक आहे? तुरुंगाचा.

कोल्हापूरचे छत्रपती शिवाजीराव यांचा कारभारी बर्वे छळ करतात, अशी तेव्हा चर्चा होती. त्याला पुरावा म्हणून काही पत्रं पुण्यात आली आणि 'केसरी' व 'मराठा'ने त्यांच्यावर विसंबून लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. खटल्याच्या वेळी जामिनाची रक्कम उभी राहिली ती जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने, सत्यशोधक मंडळींकडून. मतभेद होते, पण पत्रकार अडकलाय म्हटल्यावर मदतीला धावले.

विचार करा, टिळक आणि आगरकर! दोघेही डेक्कन कॉलेजचे पदवीधर, हेतू स्वच्छ, छत्रपतींबद्दल खरी कळकळ. तरी फसले. कारण कागद खरा की खोटा हे तपासायचं एक तंत्र असतं आणि ते नुसत्या हुशारीने किंवा देशप्रेमाने येत नाही. आज तुमच्या-आमच्या व्हॉट्सअॅपवर कुणाच्या तरी सहीचं लेटरहेड फिरतं आणि दहा मिनिटांत तीन पोर्टलवर त्याची बातमी होते. तेव्हा मला हाच खटला आठवतो.

ही घरगुती शाळा चांगली होती, पण तिला एक मोठी अडचण होती. संपादकाच्या शेजारी बसून शिकायचं तर आधी त्याच्या ओसरीवर चढता आलं पाहिजे. तिथे कुणाला प्रवेश होता? ज्यांना नव्हता त्यांनी स्वतःचे छापखाने उभे केले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधू' काढलं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते पुढे मुंबईतून चालवलं आणि गिरणी कामगारांचं गाऱ्हाणं पहिल्यांदा छापून येऊ लागलं. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवलं. खेड्यातून! रेल्वे नाही, वीज नाही, आणि वृत्तपत्र निघतंय.

आणि बाबासाहेब. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. साताऱ्याच्या त्याच विद्यार्थ्याने ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. आणि 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला, हे बाबासाहेबांनीच सांगून ठेवलंय. ज्यांनी तुरुंगात जाऊन वृत्तपत्राची किंमत शिकली होती, त्यांच्याच पत्रात दुसऱ्याच्या पत्राला जागा नव्हती. आपला इतिहास असा आहे. गोड तेवढंच सांगून भागत नाही.

मग प्रश्न येतो की सगळ्यांना शिरता येईल अशी पत्रकारितेची शाळा कधी निघाली?

अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेची स्वतंत्र शाळा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून. आपल्या देशात अॅनी बेझंट यांनी १९२० मध्ये अड्यारला प्रयत्न केला, १९३८ मध्ये अलिगढला झाला. दोन्ही फार टिकले नाहीत. १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात विभाग सुरू झाला. फाळणीनंतर तो विस्थापितांसारखाच दिल्लीत येऊन राहिला आणि पुढे चंडीगडला गेला. महाराष्ट्रात सुरुवात नागपुरात झाली. १९५२ मध्ये हिस्लॉप कॉलेजात, अमेरिकेहून आलेल्या प्रा. रोलंड वुल्सली यांच्या हातून. आणि १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आला, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये.

शिरवळ-खंडाळ्याच्या पोरांना रानडे म्हणजे काय ते सांगायला नको. सकाळची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचं, तिथून सिटी बस. ती वास्तू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या नावाची. तिच्या मागे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेला भारत सेवक समाज. हे गोखलेही फर्ग्युसनचे मास्तर आणि आगरकरांच्या 'सुधारक'ची इंग्रजी बाजू लिहिणारे! भारत सेवक समाजाने पुढे 'ज्ञानप्रकाश' हे १८४९ पासूनचं जुनं वृत्तपत्रही चालवलं. शाळा, पत्र आणि लोकसेवा हे तिन्ही पुन्हा एका छपराखाली.

मराठीतल्या कितीतरी संपादकांनी आणि वार्ताहरांनी त्या दगडी इमारतीत बातमीचा पहिला परिच्छेद लिहायला घेतला. तिथली फी परवडणारी होती आणि मराठीत विचार करणारा पोरगा तिथे परका पडत नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये हा विभाग तिथून हलवून विद्यापीठाच्या आवारातल्या दुसऱ्या माध्यम विभागात विलीन करायचा निर्णय बाहेर आला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. शेवटी त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. बाहेरच्यांना वाटलं असेल, एका जुन्या इमारतीसाठी एवढा दंगा कशाला? पण मधल्या पाच-सहा दशकांत जागांचे भाव कुठल्या कुठे गेले आणि शिक्षण बाजारात आलं. त्या सगळ्यात शेतकऱ्याच्या, हमालाच्या, एसटी कंडक्टरच्या पोराला शहराच्या मध्यावर बसून हा धंदा शिकता येत होता. भांडण त्याचं होतं.

खेड्यातल्या वार्ताहराची गोष्ट आणखी वेगळी. त्याला आणलं नानासाहेब परुळेकरांनी. ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ ला 'सकाळ' सुरू केला. गावोगावी वार्ताहर नेमायचे, बाजारभाव छापायचे, पुढाऱ्याच्या भाषणाइतकंच गावच्या विहिरीला महत्त्व द्यायचं, ही रीत त्यांनी मराठी दैनिकात रुजवली. आम्ही तालुक्याचे वार्ताहर त्याच झाडाच्या फांद्या.

पण फांदीला पाणी कुणी घातलं? वार्ताहर नेमले, त्यांचं शिक्षण मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच गेलं. पुढे मुक्त विद्यापीठ आलं, ठिकठिकाणी डिप्लोमे निघाले, आमच्यासारखे त्यातून आले. डिप्लोम्यात आम्ही बातमीचे प्रकार शिकलो, प्रेस कायदा शिकलो. कामावर गेल्यावर मला पहिला प्रश्न विचारला गेला तो "जाहिराती किती आणशील?" हा. दैनिकाचं नाव सांगत नाही, कारण उत्तर सगळीकडे सारखंच होतं. वार्ताहराला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची आणि मग त्याच पुढाऱ्याच्या ग्रामपंचायतीतल्या कामाची बातमी करायची. करणार कशी? दोष वार्ताहराचा आहे, पण त्याच्या एकट्याचा नाही.

यावर जगात कुणी काही तोड काढली का? एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या वृत्तपत्राचे मालक नेल्सन पॉयन्टर. मालक गेला की वारस भांडतात आणि पेपर मोठ्या साखळी कंपनीला विकला जातो, हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं. म्हणून त्यांनी १९७५ मध्ये पत्रकारांना शिकवणारी ना-नफा संस्था काढली आणि आपल्या पेपरची मालकी त्या शाळेच्या नावे करायची व्यवस्था केली. १९७८ मध्ये ते गेले. पेपर शाळेचा झाला! आज ती संस्था पॉयन्टर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. चालत्या पत्रकारांना, संपादकांना शिकवते. जगभरातल्या फॅक्ट-चेक करणाऱ्या संस्थांचं २०१५ मध्ये सुरू झालेलं जाळं तीच चालवते, आपल्याकडच्याही काही संस्था त्यात आहेत.

तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. जाहिराती आटल्या, माणसं कमी करावी लागली. २०२० मध्ये कोरोनात त्या पेपरला छापील अंक आठवड्यातून दोनच दिवसांवर आणावा लागला. ना-नफा म्हणजे पैशाची चिंता मिटली असं नव्हे. फरक एवढाच की उरलेला पैसा मालकाच्या खिशात जात नाही.

आपल्याकडेही ट्रस्टच्या मालकीचे पेपर आहेत. 'केसरी' ट्रस्टचाच. चेन्नईला एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम आहे, तेही ना-नफा ट्रस्टचं, नावाजलेलं. पण शिक्षण इंग्रजीत आणि फी लाखांत. लोणंदच्या कांदा मार्केटमध्ये वजनकाट्यावर उभ्या असलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? आपल्याच जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचा सामुदायिक रेडिओ आहे. गावातल्याच माणसांनी माइकसमोर बसून गावाच्या बोलीत बोलायचं, अशी ती रीत. म्हणजे दुष्काळी माणदेशात जमतं, मग नीरेच्या काठावर का जमू नये?

कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, पत्रकारांची शाळा कशाला हवी? त्यांना मी दोन तारखा सांगतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. टोळी नव्हतीच. त्या भागात गावाचा विश्वास असलेला एक जरी माणूस "मी पोलिसांना विचारलं, असं काही नाही" असं ठणकावून सांगणारा असता तर?

६ फेब्रुवारी २०२३. राजापूर. पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीने चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्येच मंजूर केलाय. पण धमकी आली की पहिली नोंद कुठे करायची, एकट्याने कुठे जायचं नाही, कागद कुणाकडे ठेवायचे, हे तालुक्याच्या वार्ताहराला कुणीही शिकवत नाही.

आता आपल्या गावाकडे या. शिरवळ आता पूर्वीचं राहिलेलं नाही. एमआयडीसी आली, कंपन्या आल्या, परप्रांतातून कामगार आले, हायवेला लागून इमारती उठल्या. जमिनीचे व्यवहार, नीरेचं पाणी, कंपन्यांतले अपघात, कंत्राटी कामगारांचे पगार, खंबाटकीचा घाट. एका जिल्ह्याला पुरतील एवढे विषय एका गावात आहेत. त्यांच्यावर वर्षात किती बातम्या कागद बघून लिहिल्या जातात? आणि वाढदिवसाच्या किती, ते तुम्हीच मोजा.

म्हणून एक साधा प्रस्ताव मांडतो. मोठी इमारत नको, विद्यापीठाची मान्यता नको. महिन्यातला एक रविवार, एखाद्या वाचनालयाची किंवा शाळेची खोली, आणि शिरवळ, खंडाळा, लोणंद, भोर इथली लिहायची हौस असलेली वीस-पंचवीस पोरं-पोरी. पोरी पाहिजेतच. नायगाव जवळ आहे म्हणून नुसती भाषणं नकोत.

शिकवायचं काय? ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचायचा कसा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत कसा करायचा आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढे काय. सातबारा आणि फेरफार यांत फरक काय. प्रदूषण मंडळाने कंपनीला दिलेल्या संमतीपत्रात कुठल्या अटी असतात. पोक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, मग गावाचं, शाळेचं, बापाचं नाव छापून आपण काय करतो. आलेला फोटो जुना आहे की आजचा, हे कसं ओळखायचं. आणि दुसरी बाजू विचारल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हा पहिला नियम.

शिकवायला माणसं आहेत. निवृत्त तलाठी आहेत, वकील आहेत, हिशेब बघणारे शिक्षक आहेत. पुण्यातून रानड्यात शिकलेले आपल्याच भागातले पत्रकार बोलावता येतील, तास-दीड तासाचा रस्ता आहे. मीही माझे रविवार द्यायला तयार आहे.

आणि पैसा? इथेच गोम आहे. एखाद्या पुढाऱ्याने किंवा कंपनीने "सगळा खर्च आमचा" म्हटलं की समजा शाळा बुडाली. खर्च थोडा, तोही वर्गणीतून, आणि कुणा एकाची वर्गणी पाचशेच्या वर नको. हिशेब दर महिन्याला इथेच, फेसबुकवर, सगळ्यांसमोर. जी शाळा दुसऱ्यांचा हिशेब वाचायला शिकवणार, तिने आधी स्वतःचा दाखवावा.

पत्रकारांबद्दल तुमच्या तक्रारी मी रोज ऐकतो. विकाऊ, घाबरट, पाकीट घेणारे. काही खऱ्या आहेत. पण सावित्रीबाईंना शिकवायला शिकवलं कुणीतरी, म्हणून त्या शिकवू शकल्या. शिरवळला चांगला पत्रकार पाहिजे असेल तर तो शिरवळनेच घडवला पाहिजे, पुण्याहून कुणी आणून देणार नाही.

ज्यांना शिकायचंय, ज्यांना शिकवायचंय, ज्यांच्याकडे रविवारी मोकळी असलेली खोली आहे, त्यांनी कमेंटमध्ये फक्त 'मी' लिहा. वीस 'मी' झाले की पहिल्या रविवारची तारीख टाकतो.